जिंकलेल्यांची हरकत

जिंकल्याच्या चौथ्या दिवशी अध्यक्षांनी सगळ्या घराला छापखान्यात जेवायला बोलावलं. जी जागा वाचली तिच्यातच बसून जेवावं, म्हणजे अन्न अंगी लागतं, असं त्यांचं म्हणणं. आत्या वेळेवर आली, दगडी टेबलाच्या कोपऱ्याशी बसली आणि मांडीवरच्या वहीवर तिने रुमाल टाकला. तिला भूक नव्हती.

अध्यक्ष म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, तिच्यापुरता दादा. पाचवीत वर्गाचे मॉनिटर झाले तेव्हापासून त्यांनी खुर्ची अशी कधी सोडली नव्हती. खुर्च्या तेवढ्या बदलल्या. सध्या ते 'पूल नको' समितीचे अध्यक्ष होते, गल्लीतल्या दुकानदारांचे अध्यक्ष होते आणि ज्या टेबलाशी बसतील त्या टेबलाचे आपोआप होते.

"आधी दोन शब्द," ते म्हणाले.

"अहो, ताटं वाढली आहेत," वहिनी म्हणाल्या.

"दोनच."

घरातल्यांनी मुकाट्याने जेवायला सुरुवात केली. अध्यक्षांच्या दोन शब्दांत एक माणूस आरामात जेवून हात धुऊ शकतो, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"नदीवर पूल हवा की नको? गावाला विचारलं. गावाने सांगितलं. हवा म्हणणारे तीन हजार आठशे चौऱ्याहत्तर. नको म्हणणारे तीन हजार नऊशे तीन. एकोणतीस मतांनी ही गल्ली वाचली. पुलाचा उतार बरोबर इथे येणार होता." त्यांनी मधल्या पातेल्याकडे बोट दाखवलं, तसा काकांनी हात मागे घेतला. "आता निकाल लागला. लोकशाहीत निकाल मानायचा असतो. हरलेल्यांनी मोठ्या मनाने मानायचा आणि जिंकलेल्यांनी..."

"लहान मनाने?" पुतणीने विचारलं.

पुतणी म्हणजे अध्यक्षांची एकुलती एक मुलगी. लग्न करून ती नदीपलीकडे गेली आणि तिथल्या शाळेत भूगोल शिकवू लागली. पलीकडे दवाखाना नाही, आणि रुग्णवाहिकेला बावीस किलोमीटरचा वळसा पडतो, हा एकच धडा तिने वर्षभर वर्गात आणि वर्गाबाहेर शिकवला होता.

"एकशे त्र्याऐंशी मतं बाद केलीत, बाबा. सगळी आमच्याच केंद्रावरची."

"मी केली? अधिकाऱ्यांनी केली. बनावट होती म्हणून केली. तुमच्या केंद्राला पाच हजारांपासून पुढचे गठ्ठे दिले होते. या पत्रिकांवर चार हजारांतले आकडे! ते आकडे इकडच्या केंद्राचे. एकच आकडा दोन पत्रिकांवर कसा येईल? कुणीतरी गुपचूप छापल्या."

"आमच्याकडे झेरॉक्सचं दुकान नाही, बाबा. छापणार कशावर? पाटावर?"

"निकाल आम्हाला मान्यच नाही," जावई म्हणाले. जावई वकील होते आणि कुठलंही वाक्य ते जणू आपलं नसून अशिलाचं असल्यासारखं बोलत. "मुळात हा निकालच नाही. आज पाचपर्यंत हरकती घेतात. माझा अर्ज तयार आहे. अठ्ठावीस पानं."

"आणखी एक पान वाढवा," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे दर मताला एक पडेल."

वहिनींनी पाणी वाढलं. काका मन लावून जेवत होते. काका म्हणजे अध्यक्षांचे आणि आत्याचे चुलते, वय चौऱ्याऐंशी. पन्नास वर्षं त्यांनी या छापखान्याचं यंत्र चालवलं होतं आणि त्याच्या खडखडाटात ऐकू येणं कमी झालं, असं ते सांगत. वहिनींचं म्हणणं होतं की नको ते तेवढं ऐकू येत नाही.

आत्याने घड्याळ पाहिलं. एक वाजून पंचवीस मिनिटं.

"दादा," ती म्हणाली, "ती मतं बनावट नाहीत."

"तू मध्ये बोलू नकोस. तू आपल्या बाजूची आहेस."

"आपल्याच बाजूची आहे. त्या पत्रिका आपण छापल्या. मी छापल्या." तिने वही टेबलावर ठेवली आणि रुमाल काढला.

ती वही या घरात सगळ्यांनी पाहिलेली होती. छापखान्यात आकडे उठवायचं एक यंत्र होतं. चार चाकं, दर चाकावर शून्य ते नऊ. दर छापाला आकडा एकाने पुढे सरकायचा. यंत्र गुणी होतं, पण त्याला एक खोड होती: हजार बदलताना पहिलं चाक अडकून बसायचं. म्हणून हजार आला की थांबायचं आणि अंगठ्याने चाक पुढे ढकलायचं. 'हजाराला अंगठा' हे या घरातलं पोर पाढ्यांच्या आधी शिकायचं. दुसरा नियम आजोबांचा: चारला चहा. चहाला थांबताना एक आकडा वहीत उठवायचा, चहा पिऊन आल्यावर पुढचा आकडा वहीत उठवायचा, मग कामाला लागायचं. म्हणजे चहाच्या वेळात कुणी यंत्राशी खेळलं तर कळतं. वहीत उठलेले आकडे पत्रिकांवर येत नाहीत, त्यांची नोंद वेगळी.

मतपत्रिकांच्या पानावर दोन आकडे शेजारी होते. चहाआधी: ४९९९. चहानंतर: ४०००.

नियमाप्रमाणे आत्याने दोन्ही उठवले होते. उठवलेला आकडा वाचावा असं काही आजोबांनी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं तिने जगाच्या चुका वाचल्या. वकिलांच्या, कवींच्या, परीक्षा मंडळाच्या. शोकसभेच्या पत्रकातल्या चुका तिने डोळे पुसत दुरुस्त केल्या होत्या. पण त्या दिवशी तिच्या हाताने आकडा उठवला तेव्हा तिची मान वळून काकांशी बोलत होती, चहात साखर कमी पडली म्हणून.

"पाच हजार एकच्या जागी चार हजार एक छापला गेला," ती म्हणाली. "तिथून एकशे शहाऐंशी पत्रिका. मग चाकाला आपोआप उपरती झाली आणि ते फिरलं. मी गठ्ठे मोजून बांधले, वर चिठ्ठी लावली 'पाच हजारांपासून' आणि पलीकडे पाठवले. आज सकाळी पेपरात बाद मतांचे आकडे आलेत. चार हजार एक ते चार हजार एकशे शहाऐंशी. मधले तीन नाहीत. ते तिघं मतदानाला आले नसतील."

काकांनी मान वर केली.

"हजाराला अंगठा दिला होतास का?"

"नाही, काका."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले.

पुतणी उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते रागाचं की सुटकेचं हे तिलाच ठरवता येत नव्हतं. "चार दिवस! चार दिवस आमच्या लोकांना खोटे, चोर म्हणतायत. दुकानात उधार देईनात, आधी विचारतात तू खरा का खोटा. चला. आत्ता चला. ही वही द्या नेऊन. अहो, तुम्ही बोला ना!"

जावयांनी वही जवळ ओढली, दोन आकडे पाहिले, वही परत ठेवली.

"पत्रिका देताना प्रमाणपत्र दिलं असेल," ते म्हणाले. "त्यावर सही कुणाची?"

"माझी," अध्यक्ष म्हणाले. "'सर्व मतपत्रिका आकडेवार तपासून दिल्या.'"

"फौजदारी होऊ शकते."

"कुणावर?"

"सही ज्याची त्याच्यावर, बाबा."

मग जावयांनी नाकावरचा चष्मा पुसला आणि नऊ वर्षांत प्रथमच सासऱ्यांच्या बाजूला खुर्ची सरकवली. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "लोकशाहीत कुठेतरी थांबावं लागतंच. निकाल म्हणजे शेवटी निकाल."

"आणि तुमचा अर्ज? अठ्ठावीस पानांचा?" पुतणीने विचारलं.

"त्यात हा मुद्दा नाही."

"घाला की मग!"

"अगं, बाबांना तुरुंगात घालायला अर्ज करू? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

आत्याला जावयांचा राग आला नाही. सासऱ्याला तुरुंगात पाठवायचं नाही, हे काही वाईट कारण नव्हे. वाईट एवढंच की हा माणूस मघापर्यंत खरं बोलत होता.

अध्यक्षांनी ताट बाजूला सारलं. त्यांचा आवाज उतरला होता, आणि आवाज उतरला की ते नेहमी शहाण्यासारखं बोलत.

"ऐक. तू चुकलीस, मी सही केली, झालं ते झालं. पण परवा या गल्लीत काय झालं ते तू पाहिलंस. खिडकीतून दगड आला. पलीकडच्या माणसाला इकडच्याने पुलावर... पूल नाही म्हणून घाटावर अडवलं. आज कुठे जरा शांत झालंय. तू वही घेऊन गेलीस की पुन्हा सगळं पेटेल. उद्या आणखी कुणाला वही सापडेल. परवा तिसऱ्याला. मग निकाल लागायचा कधी? कुठेतरी रेघ ओढावी लागते."

"ओढ ना. पण मोजून झाल्यावर ओढ," आत्या म्हणाली. "चार दिवस मीच म्हणत होते, हरलेल्यांनी मुकाट्याने मानावं. जावईबापूंना तर मी तोंडावर रडके म्हणाले."

"म्हणालात," जावई म्हणाले.

"म्हणाले. कशाच्या जोरावर? मोजणी खरी आहे या जोरावर. हरलेल्याला आपण दुसरं देतो काय? तू हरलास, पण तुझं मत मोजलं गेलं. बस, एवढंच त्याच्या पदरात. तेही मी रुमालाखाली झाकून ठेवलंय आणि वर त्यालाच शहाणपण शिकवते. मला नाही जमत."

"आणि पुन्हा मोजून पूल झाला तर? गल्ली गेली तर?"

"तर गेली."

"असं सहज म्हणतेस?"

"सहज नाही म्हणत."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

"मत घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "या घरात कुणा एकाचं चालत नाही. डबा आणा."

शाईचा रिकामा डबा फळीवरून खाली आला. हीही आजोबांचीच पद्धत. प्रत्येकाने छपाईच्या खिळ्यांच्या खणातून एक तुकडा मुठीत घ्यायचा: होय म्हणायचं असेल तर अक्षराचा खिळा, नाही म्हणायचं असेल तर शब्दांमध्ये जागा सोडायला वापरतात तो कोरा तुकडा. बंद मुठीने डब्यात टाकायचा. याच डब्याने काकांचं ठरलेलं लग्न एका मताने मोडलं होतं, आणि याच डब्याने छापखान्यात वीज आली होती. दोन्हींचा काकांना अजून संताप होता.

"प्रश्न: सांगायचं का?" अध्यक्ष म्हणाले. "तुला मान्य आहे ना मत घेणं?"

आत्याने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. पुढे तिला त्या मान हलवण्याची लाज वाटली, पण तेव्हा हलवली हे खरं.

सहा मुठी डब्यात गेल्या. अध्यक्षांनी डबा दगडी टेबलावर पालथा केला आणि बोटाने तुकडे सारले.

"कोरे चार. अक्षरं तीन. सांगायचं नाही. विषय संपला. अगं, चहा टाक."

"बाबा," पुतणी म्हणाली, "आपण सहा जण आहोत."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. तुकडे सात होते. कुणी पुन्हा एकदा मोजले तरी ते सातच भरत होते.

"एखादा आधीचा राहिला असेल डब्यात," जावई म्हणाले.

"डबा रिकामा दाखवला का नाही मग?"

"आजवर कधी दाखवला?"

"एक जास्तीचा आहे, बरं," अध्यक्ष म्हणाले. "त्याने काय फरक पडतो?"

"जास्तीचा कोरा असेल तर तीन-तीन होतात!"

"आणि अक्षर असेल तर चार-दोन होतात! मग तर आम्ही आणखी मोठ्या फरकाने जिंकलो!"

"पण कुठला ते कळायला नको?"

"कशाला कळायला हवं?" अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. खिळे उडाले. "निकाल लागलाय!"

ते बोलले आणि त्यांनाच ते ऐकू आलं. आत्याने पाहिलं, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायच्या तशा.

"दादा," ती हळू म्हणाली, "सहा मतं. घरातली. तीही तू मोजू देत नाहीस."

"सातवा माझा," काका म्हणाले.

"काय?"

"दोन टाकले मी. एक अक्षर, एक कोरा."

"काका! दोन का?"

"दोघांचंही पटलं. ही म्हणते ते खरं आहे, आणि तू म्हणतोस ते सोयीचं आहे. आता या वयात कुणाला नाराज करू?"

जावयांनी डोकं धरलं. पुतणीला इतक्या रागातही हसू फुटलं. काकांचे दोन्ही तुकडे बाजूला काढले. उरले कोरे तीन, अक्षरं दोन.

अध्यक्ष लगेच उदार झाले. "बघ. शोध घेतला, तरी निकाल तोच. मी म्हणत नव्हतो?"

"हो. आता मोजून कळलं. हे घर सांगणार नाही, हे मी मानलं. छापखान्याच्या शिक्क्याचा कागद मी नेणार नाही." आत्या उठली. "मी एकटी जाते."

"म्हणजे हरलीस आणि मानत नाहीस! जावईबापूंचीच गत."

"घराने सांगायचं नाही, हे मानते. मी सांगायचं नाही, हे मानत नाही. मत घ्यायला मी मान हलवली ती माझी आजची चूक. आपल्या घराबद्दल आपण खुशाल डबा फिरवू. भिंतीला रंग कुठला, यंत्र कुठे ठेवायचं. पण त्या एकशे त्र्याऐंशी माणसांचं मत आपल्या डब्यात कुठे होतं? ते तीन विरुद्ध दोनने पाडायला आपण कोण?"

"ताठ्याने बोलायला सोपं आहे. छापखाना गेला तर करशील काय? तुला दुसरं येतं काय?"

"काही येत नाही," आत्या म्हणाली. "छापलेलं बरोबर असावं, एवढंच येतं. म्हणून तर चाललेय."

अध्यक्ष खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्या काचेला परवाच्या दगडाची चीर होती. "गेलीस," ते म्हणाले, "तर परत या टेबलाशी बसू नकोस."

"बरं."

तिने वही रुमालात गुंडाळली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा ती वहिनींनी बांधली.

"थांबा वन्सं, मी येते."

अध्यक्ष गर्रकन वळले. "तू? तू तर कोरा टाकलास!"

"टाकला. पण मूठ बंद होती माझी. तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं संसार केलाय, कळतं."

"बाहेर असं म्हणू नका, उद्या तुमच्या समितीवरचा लोकांचा विश्वास उडेल." वहिनींनी चपला घातल्या. "आत्ता विचारलंत तरी कोराच टाकीन. मला ही जागा सोडायची नाही. नवी नवरी म्हणून या जिन्यावरून पडले, तेव्हापासून चढतेय. पण वन्सं एकट्या गेल्या तर लोक म्हणणार, घराने वाऱ्यावर सोडली. ते मला चालायचं नाही."

पुतणी दारापर्यंत आली आणि थबकली. मागे अध्यक्ष खुर्चीत बसले होते. कुठलंच पद नसलेला माणूस बसतो तसे. "तू जा, आत्या," ती म्हणाली. "मी बाबांजवळ थांबते." मग जावयांकडे वळून, "आणि तुम्ही फौजदारी म्हणजे नेमकी किती ते बघून ठेवा. घाबरवायला नाही. खरी."

मोजणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या व्हरांड्यात बाकांवर पलीकडची दहा-अकरा माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात कागद: घरपट्टीचा, शाळेचा, कुणाच्या हातात तर फ्रेमसकट लग्नाचा फोटो. आपण खरे आहोत हे सिद्ध करायला ती सकाळपासून थांबली होती. आत्या त्यांच्यासमोरून मान खाली घालून गेली.

"हरकत?" कारकून म्हणाला. "हा नमुना भरा."

वर ठळक छापलं होतं: 'पराभूत पक्षाच्या वतीने हरकत'.

"मी जिंकलेल्या पक्षाची आहे."

"मग हरकत कसली?"

"जिंकल्याची."

कारकुनाने तिच्याकडे, मग वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी गंभीरपणे मान डोलावली. तो उठून आत गेला आणि अधिकाऱ्यांना घेऊन आला. अधिकारी दमलेले होते. चार दिवस दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची समता आली होती.

"जिंकलेल्यांच्या हरकतीला नमुनाच नाही, बाई. आजवर कुणी आलंच नाही."

"मग करा."

"छापून घ्यावा लागेल."

"कुठे छापता?"

"तुमच्याकडेच," अधिकारी म्हणाले.

वहिनी एकदम भिंतीवरच्या नकाशात लक्ष घालू लागल्या.

आत्याने पेन काढलं, 'पराभूत' या शब्दावर रेघ मारली, समासात 'जिंकलेल्या' लिहिलं आणि वही उघडून पुढे केली. अधिकाऱ्यांनी ते दोन आकडे पाहिले, कपाटातून बाद पत्रिकांची यादी आणली, पुन्हा पाहिले. मग खुर्चीत बसले. तिने सगळं सांगितलं: चाक, अंगठा, चहा. "प्रमाणपत्रावर सही माझ्या भावाची आहे. मी तपासलंय म्हणून सांगितलं, म्हणून त्याने केली. तेही लिहून घ्या."

"यंत्र पाहायला माणूस पाठवावा लागेल. आज संध्याकाळीच."

"पाठवा. यंत्र खोटं बोलत नाही, फक्त अडकतं."

"यात तुम्हालाही त्रास होऊ शकतो."

"हो."

"आणि ही मतं मोजल्यावर निकाल फिरू शकतो. तेव्हा तुम्ही तरी मान्य कराल का?" हे त्यांनी अधिकारी म्हणून विचारलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"करीन. आनंदाने नाही. दुसऱ्या दिवशीपासून पुलाची जागा बदला म्हणून तुमच्या दारात बसेन. पण मान्य करीन."

तिने सही केली. 'चूक कोणाची' असा रकाना नमुन्यात नव्हता. तिने खाली मोकळ्या जागेत लिहिलं, 'चूक माझी', आणि पूर्ण नाव घातलं.

यंत्र तपासून झालं की फेरमोजणी, उद्या सकाळी दहाला, सगळ्यांसमोर. अधिकाऱ्यांनी तसं लिहून दिलं.

व्हरांड्यात आल्यावर वहिनी म्हणाल्या, "चला आता."

"नाही," आत्या म्हणाली. "यांना सांगायचं राहिलंय."

"आतले सांगतील की."

"चूक आतल्यांनी नाही केली."

ती बाकासमोर उभी राहिली. चाळीस वर्षं तिने लोकांची भाषणं छापली होती, पण केलं एकही नव्हतं. तिने चार वाक्यांत सांगितलं: मी छापखान्यातली, आकडा माझ्या हातून चुकला, तुमची मतं खरी आहेत, मी तुमची माफी मागते.

फोटोची फ्रेम धरलेल्या बाईने फ्रेम उलटी करून मांडीवर ठेवली. मग टोकाला बसलेला, दोराने तळवे सोललेला एक होडीवाला म्हणाला, "म्हणजे आम्ही खरे."

"खरेच होता."

"चार दिवस घाटावर मला 'ए खोट्या, होडी आण' म्हणून हाका मारतात." तो जरा पुढे सरकला. "आणि गंमत सांगू? मी 'नको'वर शिक्का मारला होता."

आत्याने मनातल्या मनात पुन्हा हिशेब केला. अख्ख्या गावाने, दोन्ही बाजूंनी, तिच्या घरातल्या सहाही जणांनी, ती एकशे त्र्याऐंशी मतं न उघडताच 'हवा'त मोजून टाकली होती.

"तू 'नको' मारलास?" फ्रेमवाली बाई कडाडली. "माझी सून वळशाच्या रस्त्यात गाडीत बाळंत झाली, आणि तू शेजारी राहून 'नको' मारलास?"

"पूल झाला तर माझ्या होडीचं काय लोणचं घालू?"

"अरे, पण माणसं मरतात!"

"मग मी काय मरू?"

बाकावर दोन तट पडले. आतून कारकून "आवाज नको" म्हणून ओरडला. त्याचं कुणी ऐकलं नाही. इतक्या दिवसांत प्रथमच ती माणसं आपण खरे की खोटे यावर नाही, पुलावर भांडत होती.

होडीवाल्याने भांडता भांडताच आत्याला बसायला जागा केली. "मग निकाल काय म्हणायचा आता?"

"उद्या मोजल्यावर कळेल."

"आणि तुमचा छापखाना?"

"तोही मोजल्यावरच."

त्याने जरा विचार केला. "मी 'नको'वरच आहे हं अजून. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

"मीही 'नको'वरच आहे," आत्या म्हणाली. मग फ्रेमवाल्या बाईकडे वळली. "तुम्ही 'हवा' सोडू नका. फक्त उद्या दहाला या. सगळे या."